सात आठवडे, आठ आणे : मुंबईच्या प्रसूती लाभ विधेयकाचे प्रकरण

२८ जुलै १९२८. मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलात प्रसूती लाभ विधेयकाचे पहिले वाचन चालू होते. ज्या बायकांसाठी हे विधेयक होते त्यातल्या बहुतेकींना त्या दिवशी कामच नव्हते. एप्रिलच्या अखेरीस मुंबईच्या गिरण्यांत पडलेल्या संपाला तीन महिने झाले होते आणि तो मिटायला ऑक्टोबर उजाडायचा होता. गिरणगावात उधारीवर चुली पेटत होत्या, आणि सभागृहात मात्र बाळंत होणाऱ्या कामगार बाईला रजेचे पैसे द्यावेत का, आणि दिले तर ते कोणाच्या खिशातून, यावर चर्चा रंगली होती.

या चर्चेत बोलायला उठलेल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. त्यांना कौन्सिलात सरकारनियुक्त सभासद म्हणून येऊन जेमतेम दीड वर्ष झाले होते. आज त्यांच्या जयंतीच्या आसपास हे विधेयक त्यांनीच मांडले, प्रसूती रजा देशात त्यांनीच आणली, असे मजकूर फिरतात. विधेयक मांडले होते रा. सं. आसवले यांनी. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देणारे भाषण केले, तेही छोटेसे. पण ते भाषण वाचले की वाटते, मांडणाऱ्याचे नाव बदलून आपण त्यांचा गौरव वाढवत नाही. त्यांनी प्रत्यक्षात जे केले ते झाकून टाकतो.

खाते आणि खोली

विसाच्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांत दर पाच कामगारांमागे साधारण एक बाई होती. बहुतेकजणी वाइंडिंग आणि रिलिंग, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या खात्यांत. कोकणातून, घाटावरून आलेल्या. १९२२ च्या कारखाने कायद्याने कामाचा आठवडा साठ तासांचा ठरवला होता. घरचे पाणी, चूल, पोरे हे त्या साठ तासांच्या बाहेर. भरती नायकिणीच्या, म्हणजे खात्यातल्या बायकांवरच्या मुकादमिणीच्या, हातात. कामावर घ्यायचे तर तिला दस्तुरी, म्हणजे हात ओले करायचे पैसे, सुटून परत यायचे तर पुन्हा दस्तुरी. बाळंतपणासाठी गेलेल्या बाईची जागा तिची म्हणून राखून ठेवायला कोणी बांधील नव्हते.

त्यामुळे बाई शेवटच्या दिवसापर्यंत खात्यात उभी राही आणि उठण्याजोगी झाली की परत येई. तान्हे मूल घरी ठेवायचे तर ते झोपून राहावे म्हणून बाळगोळी. त्या गोळीत अफू असे, आणि हे गिरणगावात कोणाला नवीन नव्हते. १९२२ च्या सुमारास मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरकडून गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणांची पाहणी करवून घेतली, तेव्हा हे सगळे सरकारी कागदावर आले.

शहरातल्या बालमृत्यूंचे आकडे तर छातीत धडकी भरवणारे होते. १९२१ साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक अर्भके दगावल्याची नोंद आहे. हा आकडा जसाच्या तसा घेऊ नये. अनेक बायका बाळंतपणाला गावी जात, म्हणजे जन्म गावाकडे आणि मृत्यू मुंबईत नोंदला जाई. शिवाय चाळीतल्या कित्येक जन्मांची नोंदच होत नसे. पण यातून जी काही वजावट करायची ती करूनही जे उरते ते पुरेसे भयंकर आहे. एका खोलीच्या घरांत तो सर्वाधिक होता, हेही तेव्हाचेच अहवाल सांगतात.

आधी पडलेले विधेयक

आसवल्यांचा प्रयत्न पहिला नव्हता. १९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेची पहिली बैठक झाली. तिच्या तिसऱ्या ठरावाने, म्हणजे प्रसूती संरक्षणाच्या करारनाम्याने, प्रसूतीनंतर सहा आठवडे कामबंदी, आधी सहा आठवड्यांच्या रजेचा हक्क आणि या काळात आई-मुलाच्या पोषणाला पुरेल इतका भत्ता असे सांगितले. भत्ता कुठून द्यायचा तेही त्यात होते : सार्वजनिक निधीतून किंवा विमा योजनेतून. मालकाच्या गल्ल्यातून असे त्यात नव्हते. हे वाक्य लक्षात ठेवायला हवे, कारण पुढचे शंभर वर्षांचे गाडे याच वाक्याशी अडले आहे.

हिंदुस्थानाने त्या करारावर सही केली नाही. सरकारची उत्तरे ठरलेली होती. बायका बाळंतपणाला गावी जातात, त्यांची अशी मागणीच नाही, दाखला द्यायला स्त्री डॉक्टर कुठून आणायच्या. ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक आणले. जोशी सरकारनियुक्त मजूर प्रतिनिधी, सोशल सर्व्हिस लीगचे संस्थापक, परळच्या चाळी पायाखाली घातलेला माणूस. ते विधेयक १९२५ मध्ये पडले.

दिल्लीत पडलेला विषय मग मुंबईच्या कौन्सिलात आला. इथे त्या वेळच्या राज्यव्यवस्थेचा एक पेच समजून घ्यावा लागतो. १९१९ च्या सुधारणांनी प्रांतात द्विदल पद्धत आली होती. शिक्षण, आरोग्य ही ‘सोपीव’ खाती लोकप्रतिनिधींतून आलेल्या मंत्र्यांकडे; कारखाने आणि मजूर ही ‘राखीव’ खाती गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे. बाळंत बाईचे आरोग्य मंत्र्याच्या दालनात, तिची रजा मात्र कार्यकारी सभासदाच्या. खाजगी सभासदाने विधेयक आणायचे आणि ज्याच्यावर कौन्सिलचा अविश्वास चालत नाही अशा सभासदाने सरकारतर्फे उत्तर द्यायचे, असा तो सामना होता.

हरकत आणि उत्तर

सरकारी बाकांवरून आलेली एक हरकत दिसायला मोठी उदार होती. गिरणीतल्याच बायकांना का? शेतावर राबणाऱ्या बायका बाळंत होत नाहीत का? द्यायचे तर सगळ्यांना द्या.

विधिमंडळात वर्षे काढलेल्या कोणालाही ही चाल ओळखू येईल. विरोध करायचा, पण कृपण दिसायचे नाही, तर मागणी इतकी मोठी करायची की ती आपोआप पडेल. तिच्याशी दोन प्रकारे भिडता येते. एक म्हणजे भावनेला हात घालणे, गिरणीतल्या आईचे हाल वर्णन करणे. आंबेडकर त्या वाटेने गेले नाहीत. त्यांनी या युक्तिवादातले तर्कशास्त्रच आपल्याला कळत नाही असे सांगून टाकले. शेतीतल्या बायकांनाही लाभ मिळायला हवा असे सरकारला वाटत असेल तर तसे विधेयक आणायला कोणी अडवलेले नाही. पण एकीला मिळत नाही म्हणून दुसरीलाही देऊ नये, हे त्यातून निघत नाही. शिवाय कारखान्यातल्या कामाची परिस्थिती वेगळी आहे, हेही त्यांनी नोंदवले.

खरा मुद्दा त्यानंतर आला. प्रसूतीपूर्वी आणि प्रसूतीनंतर काही काळ आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि विधेयक याच तत्त्वावर उभे आहे, असे त्यांनी म्हटले. एकदा हे मान्य केले की पुढचा प्रश्न टाळता येत नाही : हित राष्ट्राचे, तर खर्च मालकाने का करायचा? हा प्रश्न विधेयकाच्या विरोधकांचा होता. पाठिराख्याने तो उचलायचा नसतो, असा सभागृहातला व्यवहार. आंबेडकरांनी तो स्वतःहून उचलला आणि चक्क मान्य केला. लोककल्याण जपणे ही मुख्यतः सरकारची जबाबदारी आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भार सरकारने सोसला पाहिजे, हे कबूल करायला आपण बांधील आहोत, असे ते म्हणाले. जिथे जिथे प्रसूती लाभ आला तिथे सरकारने काही वाटा उचललेला आहे, याचीही त्यांनी आठवण करून दिली.

आणि तरीही मालक सुटत नाही. का? मालक बाईला कामावर घेतो ते तिच्यावर उपकार म्हणून नव्हे. काही खात्यांत पुरुषापेक्षा बाई ठेवणे त्याला अधिक किफायतशीर पडते, तिच्या श्रमातून त्या प्रमाणात जास्त नफा सुटतो. मग त्या नफ्याच्या बदल्यात काही अंशी भार त्याच्यावर टाकणे रास्तच आहे. सरकार आपला वाटा उचलेपर्यंत बाईने थांबायचे का? नाही, विधेयक मालकावर भार टाकते म्हणून ते चूक ठरत नाही.

हे भाषण छोटे आहे आणि घाईत केल्यासारखे वाटते. तरी त्यात अर्थशास्त्राचा अभ्यासक दिसतो. त्यांनी दोन देणी वेगळी केली. एक देणे मातृत्वाचे, ते समाजाचे म्हणून सरकारचे. दुसरे देणे नफ्याचे, ते मालकाचे. त्या दिवशी सभागृहात बाकीची चर्चा द्यावे की न द्यावे या दोन टोकांत चालली होती. किती कोणी द्यावे हा प्रश्न इतक्या स्वच्छपणे मांडलेला मला त्या काळात दुसरीकडे सहज आढळत नाही. माझ्या मते विधेयक कोणी मांडले यापेक्षा हे महत्त्वाचे आहे. विधेयके मांडणारे पुष्कळ असतात. विरोधकाचा सर्वात बळकट मुद्दा स्वतः मान्य करून, तरीही आपली बाजू उभी ठेवणारे सभासद कमी.

कायदा झाला

१९२९ मध्ये मुंबई प्रसूती लाभ कायदा मंजूर झाला. देशातला या विषयावरचा हा पहिला कायदा. लाभ सात आठवड्यांचा, तीन प्रसूतीआधी आणि चार नंतर. दर दिवसाला आठ आणे. अट अशी की त्या कारखान्यात आधी सहा महिने काम झालेले हवे. हिशेब केला तर पुरा लाभ साडेचोवीस रुपयांच्या आसपास जातो. पैसे देणारा एकटा मालक. सरकारचा वाटा शून्य.

म्हणजे आंबेडकरांच्या युक्तिवादातला दुसरा भाग कायद्यात आला आणि पहिला गळाला. यात आश्चर्य नाही. सरकारी तिजोरीवर बोजा टाकणारी तरतूद खाजगी सभासदाच्या विधेयकातून नेणे त्या व्यवस्थेत जवळपास अशक्य होते. जे पदरात पडत होते ते घेतले गेले. त्या वेळी ते बरोबरच होते, असे मला वाटते. अडचण पुढे झाली : तात्पुरती म्हणून स्वीकारलेली रचना कायमची ठरली. मुंबईमागोमाग १९३० मध्ये मध्य प्रांताने असाच कायदा केला आणि हळूहळू इतर प्रांतांनीही; सगळीकडे साचा तोच.

सहा महिन्यांची अट कागदावर साधी दिसते. पण ज्या बाईला दर पावसाळ्याआधी गावी पेरणीला जावे लागते, जिची हजेरी नायकिणीच्या मर्जीवर, तिची सलग नोकरी सिद्ध कशी व्हायची? १९३४ च्या दुरुस्तीने ही मुदत नऊ महिन्यांवर नेली. मालकांना हवी असलेली ही दुरुस्ती होती हे सांगायला नको. मुंबई, अहमदाबाद, कराची ही शहरे सोडून इतरत्र भत्ता सरासरी रोजंदारी किंवा आठ आणे यांपैकी जे कमी असेल ते, असाही बदल झाला.

आणि गिरण्यांतल्या बायका कमी होत गेल्या. दर पाचांत एक होती ती चाळीसच्या दशकाच्या अखेरीस दर दहांत एकीच्या आसपास आली. याचे खापर एकट्या प्रसूती कायद्यावर फोडणे चूक ठरेल. बायकांना रात्री कामावर ठेवण्यास बंदी होती आणि गिरण्या दुपाळीवर चालू लागल्या होत्या, वाइंडिंग-रिलिंगमध्ये नवी यंत्रे आली, मंदी होती, कामगार संघटनांनीही कुटुंबाला पुरणाऱ्या पगाराची मागणी करताना कमावता म्हणजे पुरुष असेच धरले. पण बाई ठेवली की तिच्या बाळंतपणाचा खर्च एकट्या आपल्यावर, हे गणितही मालकाच्या वहीत होतेच. भार विभागला असता तर हे गणित इतके सरळ राहिले नसते.

दहा वर्षांनी, आणि खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला

१० नोव्हेंबर १९३८ ला मुंबईच्या विधानसभेत आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे प्र. ज. रोहम यांनी संततिनियमनाबद्दल अशासकीय ठराव मांडला. तो आंबेडकरांच्या वतीने होता. त्यांचेच टिपण रोहमांनी सभागृहात मांडले. र. धों. कर्वे १९२१ पासून मुंबईत हे काम एकटे, टीका झेलत करत होते. आता तो विषय सरकारने हाती घ्यावा अशी मागणी थेट विधिमंडळात आली. वारंवार आणि नको असताना येणारी बाळंतपणे बाईच्या जिवावर बेततात, हा त्यातला मुख्य धागा. ठराव ११ विरुद्ध ५२ मतांनी पडला. तीनच दिवसांपूर्वी, ७ नोव्हेंबरला, औद्योगिक तंटा विधेयकाविरुद्ध याच पक्षाने कम्युनिस्टांबरोबर मुंबईत संप घडवला होता. रस्त्यावर जे बळ दिसले ते या ठरावामागे दिसले नाही. मजुरांच्या बाजूने बोलणारे बरेच होते, बाईच्या शरीराबद्दल बोलायला अकराच.

१९४२ मध्ये आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले. इथे प्रकरण गुंतागुंतीचे होते, आणि गौरवग्रंथांत हा भाग सहसा चटकन उरकला जातो. १९४१ च्या खाण प्रसूती लाभ कायद्यात त्यांच्या खात्याने १९४३ आणि १९४५ मध्ये सुधारणा आणल्या. पण त्याच १९४३ मध्ये, युद्धकाळातल्या कोळशाच्या टंचाईत, बायकांनी खाणीत जमिनीखाली काम करण्यावरची बंदी सरकारने उठवली. ही बंदी कित्येक वर्षांच्या प्रयत्नांनी १९३७ मध्ये पूर्ण झाली होती. फेब्रुवारी १९४४ मध्ये केंद्रीय सभागृहात या निर्णयावर टीका झाली तेव्हा सरकारच्या वतीने उत्तर द्यायला उभे होते आंबेडकर. हा अपवादात्मक परिस्थितीतला तात्पुरता उपाय आहे, आणि खाणीत बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल हे तत्त्व यात पहिल्यांदा आले आहे, असा त्यांचा बचाव होता.

समान मजुरीचा मुद्दा खोटा नव्हता. तरी १९२८ चे भाषण शेजारी ठेवून वाचले की तो बचाव अवघडलेला वाटतो. पूर्वी बाहेरून प्रश्न विचारणारा माणूस आता खाते चालवत होता, आणि खात्याला कोळसा हवा होता. बंदी पुन्हा लागू झाली ती १ फेब्रुवारी १९४६ पासून.

तेच देणे

याच काळात एक वाट निघाली होती. प्रा. भा. प्र. आडारकर यांनी १९४४ मध्ये औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला आणि त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. त्यात प्रसूती लाभ वर्गणीतून जमलेल्या सामाईक निधीतून मिळतो. मालकाकडे दहा बायका असोत की एकही नसो, वर्गणी पगारावर ठरते; त्यामुळे बाईला नाकारून त्याचे पैसे वाचत नाहीत. १९१९ च्या करारातला ‘विमा’ हा शब्द इथे जमिनीवर उतरला. पण ही योजना पगाराच्या मर्यादेत बसणाऱ्यांपुरतीच.

बाकीच्यांसाठी १९६१ चा प्रसूती लाभ कायदा आला, बारा आठवड्यांचा. त्याने मुंबईचा जुना साचाच उचलला : पैसे मालकाने द्यायचे. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांसाठी रजा बारावरून सव्वीस आठवड्यांवर नेली आणि पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचे केले. रजा दुपटीहून वाढली, भार उचलणारा तोच एकटा.

शेतातल्या बाईचे काय, या १९२८ च्या प्रश्नाचे उत्तर सरकारने दिले ते वेगळ्या खिडकीतून. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरोदर आणि स्तनदा मातेला किमान ६,००० रुपयांचा हक्क सांगितला. २०१७ च्या मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी रक्कम ठरली ५,०००, तीही हप्त्यांनी. निधी सरकारी, हे तत्त्व बरोबर. पण एवढ्या पैशात किती आठवड्यांची मजुरी बुडवता येते याचा हिशेब ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला विचारावा. एक दिवस खाडा पडला की मुकादम उचलीतून पैसे कापतो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधान परिषदेत आला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली निघाली. विश्रांती परवडत नाही तेव्हा शरीरातून काय काय वजा केले जाते, ते या आकड्यात आहे.

सव्वीस आठवड्यांमुळे मालक बायकांना घ्यायला कचरू लागले अशी ओरड झाल्यावर नोव्हेंबर २०१८ मध्ये केंद्रीय श्रम मंत्रालयाने एक प्रस्ताव पुढे केला. दरमहा १५ हजारांपर्यंत पगार असलेल्या बायकांच्या बाबतीत, सव्वीसपैकी सात आठवड्यांचा पगार सरकार मालकाला परत करील. १९२९ च्या कायद्यातला सगळा लाभ जितक्या आठवड्यांचा होता, नेमके तितकेच. २०२० मध्ये संसदेने मंजूर केलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत प्रसूती लाभाचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात हे सात आठवडे नाहीत. विम्याच्या बाहेरच्या बाईचा सव्वीस आठवड्यांचा पगार तिथेही मालकानेच द्यायचा आहे.